दंडावरचा पट्टा

बारीक माणसांचा मला पहिल्यापासून तिटकारा. शनिवार पेठेतल्या आमच्या इमारतीत असे चौघे आहेत. सकाळी स्कूटरवर बसून टेकडीपर्यंत जातात, तिथे चालतात, आणि येताना मिसळ हाणून स्कूटरवरच परत येतात. वर मला जिन्यात अडवून विचारणार, "काय, वजनाचं काय करताय?" मी म्हणायचो, "वाढवतोय. तुम्हाला हवंय का थोडं?"

किलोंची शंभरी मी केव्हाच ओलांडली होती. पण शुगर नॉर्मल, कोलेस्टेरॉल नॉर्मल. ते दोन रिपोर्ट मी पाकिटात घडी घालून बाळगायचो आणि कुणी शहाणपणा शिकवायला आला की नाकासमोर धरायचो. जिना चढल्यावर छाती धडधडली, तर पित्त. बसल्या जागी धडधडली, तर गॅस. हार्टचं दुखणं भित्र्या लोकांना होतं, अशी माझी पक्की समजूत.

मग हडपसरच्या धाकट्या बहिणीच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस आणि दिवसभरात मोजून पाणी. तिच्या नवऱ्याला मधुमेह, आई थकलेली. रक्तगट जुळणारा उरलो मी एकटा. "माझी घे की," मी रुबाबात म्हणालो, "आपली तब्येत ठणठणीत आहे." ती ढसाढसा रडली. मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू?

हॉस्पिटलात माझ्या तपासण्या एका काडीपैलवान डॉक्टरीणबाईंकडे होत्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या. आधी त्यांनी मला ट्रेडमिलवर पळवलं. मग दंडाला ब्लडप्रेशरचा पट्टा बांधून घरी पाठवलं. चोवीस तास तो थोड्या थोड्या वेळाने फुगून दंड आवळत होता. म्हटलं, चालू द्या पोरखेळ.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कागद पुढे ठेवला. "काका, रात्री झोपला होतात ना?"

"घोरत होतो. बायकोला विचारा."

"तुम्ही झोपलात, पण हृदयाला विश्रांती मिळाली नाही. झोपेत ब्लडप्रेशर आपोआप उतरतं, तुमचं उतरलंच नाही. ट्रेडमिल थांबल्यावर ठोकेही लवकर खाली आले नाहीत." हृदयाला पळवणारे मज्जातंतू वेगळे आणि आवरणारे वेगळे, असं त्या सांगत होत्या. एवढं वजन वाढल्यामुळे माझे पळवणारे रात्रंदिवस कामावर होते आणि आवरणारे ढिले पडले होते.

मी पाकिटातून रिपोर्ट काढले. "शुगर नॉर्मल आहे माझी."

"ते आत ठेवा, काका. या ब्लडप्रेशरवर एक किडनी काढली, तर पुढे तुम्हीच डायलिसिसला याल. वजन उतरवा, मग बघू."

"किती दिवस?"

"दिवस नाही, महिने."

"आणि तिचं काय?"

त्यांनी तो कागद फाइलीत लावला. मी रिपोर्ट घडी घालून पाकिटात ठेवले.

तसाच हडपसरला गेलो. लिफ्ट बंद, तीन मजले चढलो. दार उघडल्यावर बहिणीने माझ्या तोंडाकडे पाहिलं. "नाही म्हणाले ना?"

मी मान हलवली.

"बरं. आधी जेवून घे."

मी येणार म्हणून तिने पुरणपोळ्या केल्या होत्या. आदल्या दिवशी डायलिसिस झालेली बाई, सकाळपासून ओट्याशी उभी. तिला स्वतःला त्यातला घास चालत नव्हता. "नको" एवढंच म्हणायचं होतं मला. म्हणालो का? नाही. तूप घालून तीन खाल्ल्या. लाज वाटत होती, पण हात थांबत नव्हता. असला माणूस दुसऱ्या कुणाच्या घरी पाहिला असता, तर मी त्याच्यावर थुंकलो असतो.

छाती अजून धडधडत होती, घाम फुटला होता. तिने तांब्याभर पाणी आणून दिलं. तिचं स्वतःचं, दिवसभराचं, खिडकीत एका छोट्या बाटलीत भरून ठेवलेलं होतं.

मी तांब्या तोंडाला लावून गटागटा प्यायलो. तो रिकामा होईपर्यंत तिची नजर त्यावरून हलली नाही.

"सावकाश, दादा," ती म्हणाली, "ठसका लागेल."