चालत्या लाइनीतली बदली

बास्केटबॉलमधलं मला कळतं, हे आधीच सांगून टाकतो. ज्याला पटत नसंल त्यानं माझ्या रिक्षात बसू नये. लई जण हसतात. म्हणतात, सुदर्शन, तू मुकुंदवाडीचा रिक्षावाला, तुला त्या उंच माणसांच्या खेळातलं काय कळणार? अरे बाबांनो, माझी सख्खी भाची पगारी टीममधे खेळायची. ती पाचवीत होती तेव्हापासून तिला मैदानावर सोडायला अन् आणायला मीच. इतकी वर्षं जाळीला टेकून उभं राहिल्यावर दगडालासुद्धा खेळ कळला असता.

पण ही गोष्ट माझी नाय, अन् भाचीचीही अर्धीच. ही माझ्या थोरल्या बहिणीची आहे. वच्छलाबाई दांडगे. आमची अक्का.

दाजी, म्हणजे अक्काचे मालक बन्सीराव, सिल्लोडकडं मका-कापूस बघत गावातच राहिले. अक्का पोरीच्या शाळेसाठी शहरात आली अन् चिकलठाण्याच्या एका औषधाच्या कंपनीत पॅकिंगला लागली. बदली म्हणून. ज्यांना ठाऊक नाय त्यांना सांगतो. बदली म्हणजे रोज सकाळी गेटवर जाऊन उभं राहायचं. आतली कुणी परमनंट बाई आली नाय, तर तिच्या जागी हाक मारतात. सगळ्या आल्या, तर डबा घेऊन माघारी. बारा वर्षं अक्का त्या गेटवर उभी होती.

गल्लीत मात्र तिनं हे कुणाला कळू दिलं नव्हतं. गल्लीला एवढंच ठाऊक, की वच्छलाबाई कंपनीत परमनंट आहे. ज्या दिवशी हाक यायची नाय, त्या दिवशी ती घरी न जाता माझ्याकडं यायची. नको नको म्हटलं तरी भांडी घासायची, माझ्या बायकोसंगं धान्य निवडायची, अन् शिफ्ट सुटायच्या वेळेला रिकामा डबा हातात धरून ताठ मानेनं गल्लीत शिरायची. इतकी मानी बाई मी दुसरी पाहिली नाय.

आता टीमचं सांगतो. दुष्काळाची वर्षं होती ती. हर्सूलच्या तलावात पोरं क्रिकेट खेळत होती. नळाला आठवड्यानं पाणी, ते पण करंगळीएवढं. पण शहर काय थांबतंय? काल जिथं ज्वारी होती तिथं आज प्लॉट, प्लॉटवर घर, अन् घराच्या आधी टाकी. या प्लास्टिकच्या टाक्यांवर एक शेटजी मालामाल झाले. त्यांना खेळाचा भलता नाद. त्यांनी पोरींची पगारी टीम काढली, पोरींच्या छातीवर टाकीचं चित्र छापलं, अन् नाव ठेवलं ‘खाम वॉरियर्स’. नदीत पाण्याचा थेंब नाय अन् टीमला नाव नदीचं! सामन्यात जी सगळ्यात भारी खेळंल तिला बक्षीस काय, तर हजार लिटरची टाकी. हसू नका. त्या साली चांदीच्या कपाला कुणी विचारलं नसतं.

त्या टीममधे माझ्या भाचीला, अक्काच्या संस्कृतीला घेतलं. अक्कानं गल्लीभर पेढे वाटले.

स्पर्धा तोंडावर आली अन् पहिल्या पाच कोण, यावरून माझं डोकं फिरलं. मैदानाबाहेर बद्रीनाथचं चहाचं दुकान आहे. तिथं बाकड्यावर मी पाच ग्लास मांडायचो. हा ग्लास मृण्मयी, कप्तान. बॉल पुढं आणणार, कुणाला कधी द्यायचा ते ती ठरवणार. हा केरळहून आणलेल्या उंच पोरीचा. बास्केटखाली उभी राहणार, परत आलेला बॉल ओढणार. या दोघी पळणाऱ्या. एवढ्यावर आमची भांडणं नव्हती. भांडण पाचव्या ग्लासाचं. बद्रीनाथ म्हणे, नाशिकची नेमबाज. मी म्हणे, संस्कृती.

“अरे, लांबून नेम लागतो तिचा,” बद्रीनाथ म्हणायचा.

“लागतो ना. अन् समोरचे बॉल घेऊन आपल्याकडं पळाले की आडवं कोण जाणार? तू, केटली घेऊन?”

“आधी पॉइंट तर करू देशील का नाय?”

“तू चहा कर!”

गिऱ्हाइकंपण दोन बाजूंना वाटली गेली. एक बँकेतले साहेब आमच्या बाजूनं इतके तावातावानं बोलले, की त्यांनी नेमबाज सांडून टाकली. म्हणजे ग्लास. बद्रीनाथ दोन दिवस माझ्याशी बोलला नाय.

शेवटी एका संध्याकाळी संस्कृती घामानं निथळत बाहेर आली. अक्काही कंपनीतून थेट तिथंच आलेली. पोरगी म्हणाली, “मामा, मॅडमनी पाच जणी सांगितल्या. नेमबाज आत. मी बदली.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण अक्काकडं पाहिलं अन् गप झालो. तिचा चेहरा काळा ठिक्कर पडला होता. राखीव म्हटलं असतं, सहावी म्हटलं असतं, तर तिला काही वाटलं नसतं. पण नेमका तोच शब्द.

“बदली?” ती म्हणाली. “माझी पोरगी बदली?”

दुसऱ्या दिवशी अक्का गेटवर गेली नाय. इस्त्रीची साडी नेसली, मला रिक्षा काढायला लावली अन् सरळ शैला मॅडमसमोर जाऊन उभी राहिली. शैला मॅडम म्हणजे टीमच्या कोच. स्वतः पूर्वी महाराष्ट्राकडून खेळलेल्या, शांत बाई.

“मॅडम, माझ्या पोरीचं काय चुकलं?”

“काहीच नाही, वच्छलाताई.”

“मग बदली का केली?”

मॅडमनी खुर्ची पुढं केली. अक्का बसली नाय. मॅडम म्हणाल्या, “बाकीच्या पाच जणींना आपापलं एकेक काम येतं. संस्कृतीला पाचही जणींचं येतं. कुणाचंही बिघडलं तरी मला तिला उतरवता येतं. म्हणून तिला हाताशी ठेवलंय.”

“हेच!” अक्काचा आवाज चढला. “हेच आमचा सुपरवायझर म्हणतो. वच्छलाबाईला समद्या मशिनी येतात, म्हणून वच्छलाबाई बदलीत बरी. बारा वर्षं झाली, मॅडम. ज्याला समदं येतं त्याला कुणी परमनंट करत नाय.”

मी खाली बघायला लागलो. माझी बहीण हे घराबाहेर पहिल्यांदा बोलली होती, अन् तेही रागाच्या भरात. शैला मॅडमही खुर्चीतून उठल्या. मग म्हणाल्या, “तुमच्या कंपनीचं चुकतंय. त्यावर मी काय बोलू? पण माझं ऐका. सुरुवातीला पाच जणी उभ्या राहतात त्यांची नावं पुकारतात, टाळ्या होतात. मी टीम निवडते ती शेवटच्या पाच मिनिटांसाठी. तेव्हा मैदानात कोण आहे ते बघायला या. एकदा या.”

“येते,” अक्का म्हणाली. “अन् तवा माझी पोरगी बाकड्यावर दिसली, तर उद्यापासून तिचा खेळ बंद. पोलीस भरतीची तयारी करंल. तिथं लागली की परमनंट.”

अक्का बोलली म्हणजे करणार, हे मला अन् संस्कृतीला चांगलं ठाऊक होतं. त्या संध्याकाळी मैदानावरून आणताना संस्कृती रिक्षात मागं बसून रडली. मी म्हणालो, “रडू नको, मी मॅडमशी भांडतो.” तर ती नाक पुसून म्हणाली, “मामा, तुम्ही भांडू नका. मला बदलीच आवडतं. बाकड्यावरून सगळं दिसतं, कोण दमलं, कोण चिडलं. फक्त आईला नका सांगू.” घ्या! म्हणजे मी महिनाभर ग्लास मांडून घसा कोरडा केला तो फुकट.

सेमीफायनल पुण्याच्या टीमशी होती. अक्का आली, अन् शेजारच्या गोजरबाईंनाही घेऊन आली. मी म्हणालो, हिला कशाला? पण गोजरबाई रिक्षात बसूनही गेल्या होत्या.

नावं पुकारली. मृण्मयी, टाळ्या. नेमबाज, टाळ्या. आमची पोरगी बाकड्यावर. अक्का दगडासारखी बसून. खेळ सुरू झाला अन् थोड्याच वेळात केरळच्या पोरीचे फाउल वाढले. मॅडमनी बोट केलं. भोंगा वाजला अन् लाउडस्पीकरवर आलं, “बदली खेळाडू, संस्कृती दांडगे!”

“बदली म्हंजे?” गोजरबाईंनी विचारलं. अक्का पदर सारखा करत बसली.

आता खरं सांगतो, मी खेळ लई पाहिला, पण त्या दिवशी जे पाहिलं ते वेगळं. एरवी बदली पोरगी आत आली की दोन मिनिटं चाचपडते. संस्कृती आत गेली अन् दुसऱ्याच क्षणी अशी मिसळली, की खेळाला झटका बसला नाय. आधी ती बास्केटखाली उंच पोरींशी झोंबली. मग कप्तानाचा पाय मुरगळला, तर बॉल पुढं आणायचं काम हिच्याकडं. नेमबाज पोरीचा नेम त्या दिवशी रुसला होता, तर दोन बॉल हिनंच लांबून टाकले. मधे मॅडम तिला बाहेर काढायच्या, परत आत पाठवायच्या, अन् दर वेळी तो लाउडस्पीकर ओरडायचा, “बदली खेळाडू!” दर वेळी अक्काची मान खाली. पण चौथ्या डावात माझ्या लक्षात आलं, की मान वर आलेली आहे. मागून कुणीतरी ओरडलं, “क्या खेली बेटी!” अन् अक्का वळून त्याला म्हणाली, “माझी हाय.”

शेवटची पाच मिनिटं. आमच्या पाच जणींत संस्कृती होती. नेमबाज बाकड्यावर. मी उठून बद्रीनाथला हुडकलं अन् लांबूनच त्याला पाच बोटं दाखवली. आम्ही चार पॉइंटनी जिंकलो.

टाकी संस्कृतीला मिळाली. शेटजींनी माइक तिच्या तोंडाशी धरला अन् विचारलं, “बाई, तू कुठल्याही जागी खेळतेस. शिकलीस कुठं?”

पोरगी म्हणाली, “माझ्या आईकडून. माझी आई कंपनीत बारा वर्षं बदली आहे. ती सांगते, बदलीसाठी कुणी मशीन थांबवत नाय. चालत्या लाइनीत शिरायचं, अन् बाजूचीला कळूसुद्धा द्यायचं नाय की माणूस बदललं. मी तेवढंच करते.”

सगळ्या हॉलनं ऐकलं. गोजरबाईंनीही ऐकलं, त्यातलं कळलं किती कोण जाणे. त्यांनी हळूच अक्काकडं पाहिलं अन् मी रिक्षा काढायला उठलो. घरापर्यंत अक्का रस्त्याकडं तोंड करून बसली. संस्कृती माझ्या शेजारी पुढं बसलेली.

फायनल आम्ही हरलो. त्याबद्दल मी बोलत नाय, माझं बीपी वाढतं.

फायनलनंतर टेम्पोनं टाकी आली. दारासमोर ओट्यावर चढवली, टँकरवाल्याला बोलावून भरली. सकाळी मी गेलो तर अक्कानं पेंटर बोलावलेला. गेटवर जायची वेळ टळून गेली होती, अन् ती चक्क स्वतःच्या दारात, उजेडात, सगळ्या गल्लीदेखत उभी. पेंटरनं पांढऱ्या रंगात नाव काढलं होतं, संस्कृती बन्सी दांडगे. नाव संपवून तो म्हणाला, “बाई, खाली काय टाकू? खेळाडू टाकू?”

“बदली टाक.”

“बदली?”

“व्हय. अन् अक्षर मोठं काढ. रस्त्यावरून वाचता आलं पाहिजे.”

संस्कृती दारात येऊन उभी राहिली. आईकडं बघत होती. मला एकदम भरून आलं. रिक्षावाल्यानं रडू नये असा काही कायदा नाय, म्हणून मी थोडा रडलो. पोलीस भरतीचं नाव त्या घरात परत निघालं नाय.

तेवढ्यात गोजरबाई कळशी घेऊन आल्या. रंग ओला होता. त्यांनी एकेक अक्षर लावून वाचलं अन् म्हणाल्या, “अगं बया, बदली? आता कुणाची बदली झाली? कुठं चाललात तुम्ही?”

“कुठं नाय जात,” अक्का म्हणाली. “आम्ही दोघी बदली हाय. मी कंपनीत, ही टीममधे. इकडं आण ती कळशी.”

अन् तिनं तोटी सोडली.