नुसतीच चूळ

दम्याचा पंप घेतला की चूळ भरायची असते. माझी मुलगी रोज सकाळी मोरीत मोठ्याने चूळ भरते. पण त्याआधी पंपाचा फुस्स आवाज येत नाही, हे मला बऱ्याच दिवसांनी लक्षात आलं.

शेजारच्या वहिनी जिन्यात तिच्यासमोरच म्हणाल्या होत्या, "पंपाने फुगलीये गं पोर, बंद कर." तेव्हापासूनच तिने सोडला असणार. खाली मुलं तिला टाकी म्हणतात, म्हणून ती खेळायला जात नाही. घरात बसून असते. दम लागला की सासूबाई म्हणतात, अंगात ताकद नाही, आणि तूपभात कालवतात. मी काही बोलत नाही. मला बोलता येत नाही.

दवाखान्यातही माझ्या वतीने मुलगीच बोलते. मी चौथी शिकलेली. डॉक्टरांसमोर माझी जीभ उचलत नाही.

आज डॉक्टरांनी विचारलं, "पंप रोज घेतेस?"

"हो. रोज."

"मग दमा वाढतोय कसा?"

डॉक्टर औषध वाढवायला लागले.

"घेत नाही ती," मी म्हटलं. "नुसती चूळ भरते."

"मम्मी, तू गप्प बस ना!"

डॉक्टर ओरडले नाहीत. तिलाच म्हणाले, "बाळा, या पंपाने नाही वाढत वजन. दम लागतो म्हणून तू बसून राहतेस, बसून वजन वाढतं, आणि वजनाने दम आणखी लागतो. आधी पंप. मग रोज थोडं चालायचं."

रोज वर्सोव्याच्या जेटीपर्यंत चालू या, असं मी रस्त्यात म्हटलं. ती पुढे चालू लागली. एवढ्या वर्षांत डॉक्टरांपुढे पहिल्यांदा तोंड उघडलं, ते तिच्याच विरुद्ध.

बिल्डिंगची लिफ्ट बंद होती. ती माझ्यासाठी न थांबता तरातरा जिना चढली. दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून उभी राहिली. छातीतली शिट्टी मला खालपर्यंत ऐकू येत होती. वरून कोणीतरी उतरत होतं. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

तो माणूस गेल्यावर तिने न बघता हात मागे केला. मी पिशवीतून पंप काढून दिला.

फुस्स आवाज आला.

ती पायरीवर बसली. मी एक पायरी खाली बसले. अजून चार मजले चढायचे होते. ती माझ्याशी बोलली नाही.

चूळ भरायला पाणी मागितलं, तेवढंच.