वासाच्या खुर्चीवर

आमच्या प्रयोगशाळेत मला सगळे 'नाक' म्हणायचे. संत्र्याच्या रसाची बाटली उघडली की तो ताजा आहे की शिळा, पिळताना साल जास्त दाबली गेली का, हे मी वासावरून सांगायची. यंत्र मागाहून बहुधा तेच सांगायचं. मला याचा अभिमान होता, जरा जास्तच.

ऑगस्टमध्ये ताप आला. ताप उतरला, सर्दीही गेली, पण वास काही परत आला नाही. एका सकाळी मी ओट्याशी मेथी निवडत होते आणि शेजारी गॅसवर दूध जळत होतं. सासूबाई अंगणातून धावत आत आल्या. "अवं, दूध जळून राहिलं नं! तुले वास नाही येत काय?"

अजून सर्दी आहे, असं मी म्हणाले. कचेरीत तर तेवढंही सांगितलं नाही. संत्र्याचा हंगाम अजून लांब होता, तोवर येईल परत, अशी मी स्वतःची समजूत घालत होते.

हंगामाच्या तोंडावर नवं गॅस क्रोमॅटोग्राफ आलं. त्यात रसाचा नमुना तापवून त्याची वाफ केसासारख्या बारीक, लांबलचक नळीतून वायूबरोबर ढकलतात. वाफेतले घटक एकेक करून वेगळे होऊन बाहेर पडतात आणि प्रत्येकाचा एक उंचवटा पडद्यावर उमटतो. जुन्या यंत्रात एका मोठ्या उंचवट्याखाली लहान घटक लपून जायचे. नव्यात पहिलीच्या पुढे दुसरी नळी होती, ती त्यांनाही सुटं करायची. पण कुठल्या घटकाला वास आहे, हे यंत्राला सांगता येत नाही. म्हणून शेवटी वाफेचे दोन भाग होतात. एक यंत्राकडे जातो, दुसरा काचेच्या नरसाळ्यातून माणसाच्या नाकाशी येतो. वास आला की त्या माणसानं बटण दाबायचं, म्हणजे पडद्यावर उंचवट्यांखालची त्याची रेघ वर उठते.

नरसाळ्यासमोरच्या त्या खुर्चीवर कोण बसणार, हे कुणी विचारलंच नाही.

यंत्र दाखवायला प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी काटोलकडचे संत्र्याचे बागायतदार बोलावले होते. माझी ओळख करून देताना सर कौतुकानं बोलत होते आणि मी खाली बघत होते. नरसाळ्याला नाक लावलं तेव्हा आज कदाचित येईल, असं मला खरंच वाटत होतं.

नाकाशी फक्त दमट हवा आली. समोर सर पाहुण्यांना समजावत होते, आता सालीतला मोठा घटक येईल, बघा. ते ऐकून मला बटण दाबता आलं असतं. बोट हललं नाही. तो प्रामाणिकपणा होता असं मी म्हणणार नाही, मी घाबरले होते. पडद्यावर उंचवटे येत गेले, त्यांच्याखाली माझी रेघ सपाट राहिली.

यंत्र बसवायला आलेल्या कंपनीच्या इंजिनिअरला वाटलं, नळी तुंबली. त्यानं पाहुण्यांची माफी मागितली, जोड उघडले, पुन्हा बसवले. त्याची मान घामानं भिजली होती. तो चूक आपल्या हातात शोधत होता आणि मी त्याला शोधू दिली.

नमुना पुन्हा लावला. या वेळी इंजिनिअर माझ्या बाजूनं नरसाळ्यावर वाकला आणि म्हणाला, "वास तर येतोय. चांगला येतोय."

पुढं उभे असलेले एक वयस्क बागायतदार हळूच म्हणाले, "आमाले इथवर येऊन राहिला. मॅडमची तब्येत बरी नसंल."

त्यांनी मला सांभाळून घेतलं, तेच मला सोसलं नाही. मी उभी राहिले. "सर, मला वास येत नाही. ऑगस्टपासून."

सर चहाचं बघायला म्हणून बाहेर गेले. मी इंजिनिअरची माफी मागितली. "होतं असं, मॅडम," म्हणत तो माझ्याकडे न बघता हत्यारं आवरत राहिला.

कानानाकाच्या डॉक्टरांनी सांगितलं, येईल किंवा नाहीही येणार. रोज लवंग, लिंबू, कापूर हुंगत जा म्हणाले. सासूबाई सकाळी वाट्या मांडून ठेवतात आणि काही विचारत नाहीत.

आता खुर्चीवर नवी सहकारी बसते. तिचं नाक तिखट आहे, वासांची नावं मात्र तिला सापडत नाहीत. परवा बटण दाबून ती म्हणाली, "ताई, हा वास ओलं गोणपाट न वाळवता ठेवल्यासारखा आहे. काय लिहू?" मी आठवून 'कुबट' हा शब्द दिला. आठवावं लागतं, याचीही लाज वाटते.

पाहुणे आले की मी शेजारच्या खोलीत काम काढते. गेल्या आठवड्यात ते वयस्क बागायतदार मला शोधत तिथंच आले. "आता येते काय वास?" त्यांनी विचारलं.

"थोडा," मी म्हणाले.

त्यांना फार बरं वाटलं. बागेतली संत्री आणली होती, ती पिशवी त्यांनी माझ्या हातात दिली. रात्रीच्या जेवणानंतर घरात सगळ्यांनी सोलून खाल्ली. गोड होती, एवढं मला कळलं.