मिलिग्रॅम आणि पहारेकरी प्रथिन

"एकदा मोजलं म्हणजे मोजलं असं होत नाही," असं तो रक्त काढणाऱ्या बाईंना म्हणाला, तेव्हा सुई अजून त्याच्या दंडात टोचलेलीच होती.

"काका, पुन्हा मोजायचं तर पुन्हा टोचावं लागेल."

"टोचा की. माझंच रक्त आहे, उसनं नाही."

तो नाजूक तराजू दुरुस्त करायचा. औषधांचे कारखाने, सराफ, कॉलेजच्या प्रयोगशाळा, जिथे धुळीच्या कणालाही वजन असतं तिथून त्याला बोलावणं येई. सगळे त्याला मिलिग्रॅम म्हणत. गेल्या गेल्या तो पंखा बंद करी, खिडक्या लावी आणि मांडीवर हात ठेवून काट्यासमोर बसून राही. कधी अर्धा तास, कधी तासभर. काटा स्थिर व्हायला समोरचा माणूसही स्थिर लागतो. एरवी मात्र त्याच्या तोंडाला कुलूप नसे.

रक्तातलं पीएसए नावाचं, प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारं प्रथिन वाढलेलं निघालं. तीन महिन्यांत तीनदा मोजून घेतलं, आकडा खाली येईना. मग प्रोस्टेटचे बारा बारीक तुकडे काढले. दोनांत कॅन्सर सापडला. तो शब्द दोन दिवस घरात झाकून ठेवलेल्या भांड्यासारखा पडून राहिला. झाकण उडवायला मेहुणी आली.

"भाऊजी, काढून टाका. नसती ब्याद पोसायची कशाला?"

"ताई, तुमच्या सल्ल्याने टॉन्सिल गेले, अक्कलदाढ गेली. आता मी उरलो किती?"

बायको हसली नाही. ताई गेल्यावर भांडी पुसता पुसता त्याने तिला खरी भीती सांगितली. ऑपरेशननंतर काहींना लघवी धरवत नाही.

"दर दहा मिनिटांनी उठलो तर काटा कधी थांबायचा? आणि हे काम सुटलं तर मी करू काय?"

ती बराच वेळ तीच बशी पुसत राहिली. "आणि आपण थांबलो, आणि ते पसरलं तर?"

"म्हणून तर एकट्याने ठरवत नाही. तू म्हणशील तसं."

डॉक्टरीणबाईंनी तेच दोन तुकडे पुन्हा तपासायला पाठवले. कॅन्सर आहे हे कळलं होतं. तो चालतो की धावतो, ते बघायचं होतं. पेशीतलं एक प्रथिन पहारेकऱ्यासारखं वाढीला आवर घालतं, ते नाहीसं झालं की दुखणं सुसाट सुटायची भीती. दुसरं प्रथिन फक्त वाढायच्या घाईत असलेल्या पेशींत असतं. रंग चढवला की दोन्ही सूक्ष्मदर्शकाखाली तपकिरी दिसतात.

"आणि पहारेकरी ड्युटीवर झोपा काढत असेल तर?" त्याने विचारलं.

"तो जागेवर आहे की नाही एवढंच रंगावरून कळतं. झोपेचं तुम्हीच बघा."

पंधरा दिवसांनी तो दोन पानं भरून प्रश्न घेऊन गेला. बाईंनी रिपोर्ट वाचला.

"पहारेकरी दोन्ही तुकड्यांत जागेवर आहे. घाईतल्या पेशी शंभरात दोन. सध्या ऑपरेशन नको, असं माझं मत. सहा महिन्यांनी रक्त, वर्षाने पुन्हा तुकडे."

"नक्की ना?" बायकोने विचारलं.

"नक्की कोणीच सांगणार नाही. दुखणं कसं वागेल याचा अंदाज देता येतो, हमी नाही. अंदाज चांगला आहे."

"आणि मधल्या काळात हाताबाहेर गेलं तर?" तिनेच पुन्हा विचारलं.

"असलं दुखणं सहसा एवढ्यात जात नाही. जायला लागलं तर आपल्याला दिसावं, म्हणूनच लक्ष ठेवायचं."

बायकोने पर्सची चेन दोनदा उघडली, दोनदा लावली.

"मग तारीख द्या," ती म्हणाली. "ऑपरेशनची नको, रक्ताची. आणि यांना आणायचं काम माझं. यांच्यावर सोडलं तर दर सोमवारी दारात उभे राहतील."

बाई हसत त्याच्याकडे वळल्या. "बोला, तुमचे प्रश्न?"

तो उठला. दोन्ही पानांची घडी करून खिशात घातली, बायकोची पर्स स्वतःच्याच खांद्याला अडकवली आणि दार उघडून चालू लागला.