धर्मादादाच्या पायातल्या फळ्या

आमचा धर्मादादा मोशीचा, देहूरोडच्या लष्करी डेपोत कामाला. त्याआधी पलटणीत होता, काश्मीरला. तिथं एका साहेबानं त्याच्या पायांना लांब फळ्या बांधल्या नि हा बर्फाच्या डोंगरावरनं सर्रकन खाली आला. हे त्यानं पारावर सांगितलं आणि झालं! गावानं त्याचं नाव थापाड्या ठेवलं. गाव गेलं खड्ड्यात, पण आमची आईसुद्धा हसायची हो! ते त्याच्या काळजाला लागायचं. मला तर असा संताप यायचा!

छप्पन्न सालच्या थंडीत त्यानं ठरवलं, रजा काढायची आणि सगळ्या घराला बर्फ दाखवायचा.

"गुलमर्गला जाऊ," तो म्हणाला.

"देव कुठला हाय तिथं?" आईनं विचारलं. आमच्याकडं देवाचं निमित्त असल्याशिवाय कुणी वेस ओलांडत नाही.

"महादेव हाय की."

"महादेव भीमाशंकरला बी हाय. त्येच्यासाठी एवढ्या लांब मरायला जाऊ व्हय?"

गुलमर्ग बारगळलं. मग दादानं डेपोतल्या सिमल्याकडच्या एका शिपायाला गाठलं. तो म्हणाला, सिमल्याजवळ कुफ्रीला फळ्यांचा खेळ चालतो, आणि सिमल्यात डोंगराच्या टोकावर मारुती आहे. संजीवनी आणायला जाताना तिथं टेकला होता म्हणे.

"मारुती? मग जायालाच पायजे," आई म्हणाली आणि तिनं खोबरेलाची बाटली बांधूनच घेतली.

सिमल्याची थंडी म्हणजे, अगं बाई! मारुतीपुढं बघतो तर बाटलीतलं तेल गोठून दगड. आईनं बाटली लुगड्यात पोटाशी धरली, नि तेल पातळ होईस्तोवर जागची हलली नाही.

दुसऱ्या दिवशी कुफ्री. माणसं खरंच फळ्यांवरनं घसरत होती! आनंदानं मी वहिनीला चिमटाच काढला. आई मात्र म्हणाली, "ही घसरत्यात, व्हय. पर तू कवा घसरला व्हतास?"

दादाचं तोंड एवढंसं झालं. मग तो तडक एका माणसाकडं गेला, मोडक्या हिंदीत त्याला पटवलं आणि फळ्या बांधून चढणीवर गेला.

"धर्मा, हाड मोडंल रं!" आई ओरडली. पण ऐकतोय कुठला! सुटला. थोडा सरळ, मग वाकडा, आणि आमच्यापुढं येऊन धपकन आडवा.

आई धावली. हसली नाही. त्याच्या केसांतला बर्फ झाडता झाडता रडायलाच लागली. "लेकरा, खरं बोलत व्हतास रं तू. मीच येडी."

दादा पडल्या पडल्या हसत होता. उठायचं नावच घेईना.