नामदेवची सुटलेली बिडी

अकोल्यातल्या आमच्या जिनिंग कारखान्यात, म्हणजे जिनात, कापूस आला की सरकीचे ढीग लागत आणि ऑफिसात किश्श्यांचे. सरकी तेलघाण्यावर जायची, किस्से तिथेच पडून राहायचे. ऑफिसातल्या आम्हा चौघा दोस्तांत आता मी एकटा उरलोय, म्हणून ते माझ्या माथी आले आहेत. त्यातले निम्मे तरी नामदेव वानखडेचे.

नामदेव मूळचा भातकुलीकडचा, आमचा हेडक्लार्क, राहायला जठारपेठेत. छातीत चमक आली म्हणून डॉक्टरकडे गेला. सोबत मी होतो.

"वडील कशानं गेले?"

"वावरात डवरता डवरता गेले. पंचेचाळीशीत."

"भाऊ?"

"जेवून उठला अन् गेला. त्रेचाळीसचा होता."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "हे तुमच्या घराण्यात आहे, वानखडे. बिडी बंद, तूप बंद, रोज दोन मैल चाला."

नामदेव म्हणाला, "वावराची वाटणी झाली डॉक्टर, याची नाही होत काय?"

डॉक्टरसुद्धा हसले!

*

दुसऱ्या दिवसापासून तो पायी येऊ लागला. पण सायकलवाला माणूस पायी दिसला की लोकांना चैन पडत नाही. "सायकल मोडली काय हो?" रस्ताभर हाच प्रश्न. वैतागून त्यानं सायकल हातात धरून चालायला सुरुवात केली. मग सुरू झालं, "पंक्चर झाली काय?"

एकानं तर सायकल बळजबरीनं पंक्चरच्या दुकानापर्यंत नेली. दुकानदारानं ट्यूब पाण्यात घालून पाहिली, म्हणाला, "हवा तं टाइट आहे!"

"हवा टाइटच आहे," नामदेव म्हणाला, "माह्या काळजाची गेली."

*

आमच्या ऑफिसातल्या गावंडेच्या सासऱ्यांकडे, अंजनगाव सुर्जीला, तुपात बुडवून खायच्या रोडग्यांचं जेवण होतं. नामदेवनं ताटावर हात आडवा धरला. "मले तूप नोको."

सासऱ्यांचा चेहरा पडला. "घरच्या म्हशीचं आहे जवाईबापूच्या दोस्ता, डालडा नाही! घरच्या तुपानं कोणाले काय होते?"

आम्हीच त्याचा हात धरून बाजूला केला. एका दिवसानं काय होतं, असं म्हणणाऱ्यांत माझा आवाज सगळ्यात मोठा होता. आज तो आवाज मला ऐकवत नाही.

*

एकदा ऑफिसातल्या बापूनं पेपरात वाचलं की आता काळीज उघडून ऑपरेशन करतात. आमचे कापसाच्या वजनकाट्यावरचे रहीमभाई खूष! "चलो नामदेव, आता काही पाळू नोको. बिघडलं का उघडू."

सगळे हसलो. नामदेव तेवढा हसला नाही.

"मले नाही उघडून घ्या लागत. भावाच्या वयाच्या पुढं गेलो का सगळ्यायले पेढे वाटतो. तेवढंच पाह्यजे मले."

*

आणि ती बिडी. जिनात कापसाला आगीची भीती, म्हणून गेटवरच चौकीदार बिड्या-काड्या काढून घ्यायचा. ओढायची तर गेटबाहेरच्या लिंबाखाली. ऑफिस मोकळं सोडायचं नाही, असा मालकाचा हुकूम, त्यामुळे आम्ही एकेक करून जायचो. नामदेवनं बिडी सोडली होती. त्याच्या बायकोनं, आमच्या वहिनीनं, त्याला बडीशेपेची डबी दिली होती, ती तो टेबलावर सगळ्यांना दिसेल अशी ठेवायचा.

रोज दहाला मी निघालो की तो मागून यायचा. "एक दे. दिवसातून एकच, फक्त तुयासंग. बाकीच्यायले सांगू नोको."

एका बिडीनं काय होतं, असं मला वाटायचं. शिवाय आपल्यालाच सांगितलं, याचं बरंही वाटायचं.

पेढ्यांना दोन महिने उरले होते, तेव्हा तो गेला. सकाळी चहा पिता पिता.

आठव्या दिवशी आम्ही चौघं जठारपेठेत भेटायला निघालो. वाटेत गावंडे एकदम थांबला.

"मी त्याले रोज एक देत होतो रे. दुपारी. कोणाले सांगू नोको म्हणे."

रहीमभाईंनी खाली पाहिलं. "मैं भी. चार वाजता."

बापूनं खिशातलं बिडीचं बंडल काढलं आणि नालीत टाकलं. मग मी माझं सांगितलं.

घरी वहिनीनं सतरंजी टाकली, पाणी दिलं.

"सारंच पाळलं हो त्याईनं, भाऊजी. तरी असं काहून झालं? डॉक्टर म्हणत होते, बिडी सुटनं लय कठीण. पण तुमच्यासारखे चार दोस्त होते, म्हून सुटली."

मग आत जाऊन तिनं ती डबी आणली, उघडून आमच्यापुढे धरली.

आम्ही चौघांनी चिमूट चिमूट बडीशेप घेतली.