बाईसाठी एक गादी

आम्ही आईला बाई म्हणायचो. वडिलांकडची माणसं तिला बाई म्हणत, ते ऐकून आम्हीही म्हणू लागलो आणि कुणी आम्हाला सुधारलं नाही. देवासच्या जुन्या मराठी घरांतून हे असंच चालतं. कुणाची आई वहिनी असते, कुणाची काकी. तर आमच्या बाईला झोप लागत नव्हती. गोष्ट एवढीच होती, आणि त्या उन्हाळ्यात मला दुसरं काही सुचत नव्हतं.

पाण्याची बादली उचलताना तिच्या पाठीचा मणका दबला. इंदूरच्या डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो दिव्यासमोर धरून सांगितलं की या वयात ऑपरेशन नको, पडून राहायचं, कूस बदलत राहायचं आणि चांगली गादी घ्यायची. चांगली म्हणजे कशी, असं मी विचारलं. "आरामदायक," ते म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. मी शाळेत शिकवते, असं उत्तर एखाद्या मुलीनं पेपरात लिहिलं असतं तर मी तिला शून्य दिलं असतं.

माझा भाऊ पुण्याला असतो. त्यानं त्याच आठवड्यात फोनवरून फोमची गादी पाठवून दिली, वर दोन फुगीर उशा. गादी आणणाऱ्यांनी जुनी गादी उशीसकट उचलून नेली. तशी स्कीम होती म्हणे. मी बाईला दोन्ही हातांनी धरून खुर्चीत बसवत होते, माझं तिकडे लक्षही नव्हतं. ती गादी कापसाची होती. दरवर्षी दिवाळीआधी पिंजारा गच्चीवर बसून तिचा कापूस पिंजून द्यायचा, आणि त्या दिवशी घरभर कापसाचे तंतू उडत राहायचे. बाईनं रिकाम्या पलंगाकडे पाहिलं आणि विचारलं, "माझी उशी पण नेली?"

फोममध्ये ती रुतली. एकदा उताणी निजवली की तिला स्वतःहून कूस बदलता येईना. बुडाखालचा खड्डा तिला सोडेचना. त्यातून वैशाखाचं ऊन. फोम तापायचा, चादर ओली व्हायची, आणि थोड्याच दिवसांत तिच्या डाव्या खुब्यावरची कातडी लाल झाली. मग ती फाटली. मी रोज ती जखम धुवायची आणि रोज ती थोडी मोठी असायची.

मग मी देवासची दुकानं पालथी घातली. शाळा सुटली की एकेका दुकानात शिरायचं, चपला काढायच्या, गादीवर आडवं व्हायचं. लोक बघत. बघू देत. एका दुकानात सेल्समननं गादीवर मूठ आपटून दाखवली आणि म्हणाला, "देखो दीदी, कितना उछाल है." मी त्याला सांगितलं की माझ्या आईला उड्या मारायच्या नाहीयेत. काथ्याची घेतली, ती फळीसारखी निघाली. बाई त्यावर दिवसभर कण्हली. हवेची मोटारवाली भाड्यानं आणली. ती एकीकडून फुगायची, दुसरीकडून बसायची, आणि लाइट गेली की सगळीच बसायची. बाई म्हणाली, "खालून कुणीतरी ढकलतंय गं मला." ती परत केली. उशांचं तर विचारूच नका. उंच उशीनं तिची मान अवघडायची आणि बिनउशीचं तिला गुदमरल्यासारखं व्हायचं. टॉवेलची घडी कर, ती उलगड, पुन्हा कर.

मी देवाकडे तिचं आयुष्य मागायचं सोडून दिलं होतं. आमच्या खिडकीतून देवीची टेकरी दिसते. मी खिडकीतूनच हात जोडायची आणि म्हणायची, माते, हिला फक्त एकदा गाढ झोपव. मला रडू यायचं तेही कुठेही, वर्गात फळ्यावर लिहिताना, भाजी निवडताना. मला वाटायचं की एवढ्या मोठ्या जगात एका म्हातारीला टेकायला जागा मिळत नाही, म्हणजे माझंच काहीतरी कमी पडतंय.

एका दुपारी बाई म्हणाली, "धारेला मिळेल बघ." धार तिचं माहेर. तिथे आता तिचं कुणी उरलेलं नाही, पण बाजारात एक जुनं दुकान होतं, कापूस भरून गाद्या शिवून देणारं. "माझ्या लग्नातली गादी तिथलीच. एकदम दाबून भरलेली. त्यावर माणूस रुतत नाही."

रविवारी शेजारणीला बाईपाशी बसवून मी निघाले. देवास ते इंदूर एक बस, इंदूर ते धार दुसरी. दुसऱ्या बसमध्ये मांडूला फिरायला निघालेली एक मंडळी होती, सारखी हसत होती, आणि मला त्यांचा विनाकारण राग येत होता. धारला उतरेपर्यंत रडून रडून माझे डोळे सुजले होते.

दुकान सापडलं. गल्ल्यावर माझ्याच वयाचे एक गृहस्थ होते. मी म्हटलं, "भिया, एक आदमी की गादी चाहिए. उशी, चादर, सब नया. और जल्दी चाहिए." ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग हळू आवाजात मराठीत म्हणाले, "ताई, आपण मराठी का? बसा, बसा. कुणासाठी?"

"आईसाठी," मी म्हटलं आणि मला रडू फुटलं.

त्यांनी पाणी दिलं. मी माप सांगायला लागले, पण त्यांनी हात जोडले. "तुम्ही काही टेंशन नका घेऊ, ताई. जे जे लागतं ते सगळं मी लावून देतो. आमच्याकडे तयारच असतं." कुठलीही गादी त्यांनी दाखवली नाही, मूठ आपटली नाही, स्कीम सांगितली नाही. इतक्या दिवसांत मला पहिला सभ्य दुकानदार भेटला होता. त्यांनी स्वतः गठ्ठा बांधला, बसवर चढवून दिला, आणि वळताना म्हणाले, "धीर धरा. सगळ्यांनाच यातून जावं लागतं." मी इंदूरपर्यंत त्यांना आशीर्वाद देत आले.

घरी येऊन बाईच्या पलंगाशेजारीच मी गठ्ठा सोडला. वर एक कोरी पांढरी चादर होती. तिच्याखाली काळी छत्री. मग चपलांचा जोड, पितळेचा तांब्या, छोटा कंदील. आणि सगळ्यात खाली गादी आणि उशी.

"छत्री कुणाला?" बाईनं विचारलं.

मला अजूनही काही कळलं नव्हतं. मला वाटलं दुकानदारानं भेट म्हणून दिली. बाई मात्र जुन्या घरातली. घरात कुणी गेलं की कोणत्या दिवशी काय द्यायचं, हे तिच्या तोंडपाठ होतं. माणूस गेल्यावर त्याच्या नावानं नवी गादी, उशी, चादर, छत्री, चपला गुरुजींना द्यायच्या, म्हणजे गेलेल्याला वर निजायला मिळतं, वाटेत ऊन लागत नाही, पाय पोळत नाहीत. शय्यादान. आमच्या लोकांत एरवी नवी गादी कुणी घेत नाही. जुनीच पिंजून घेतात. नवी येते ती लग्नात, जोडीची. आणि एकट्या माणसाची, सगळ्या सामानासकट, नवी कोरी, घाईनं हवी असते ती फक्त या वेळेला. सुजलेल्या डोळ्यांची लेक दुकानात येऊन आईसाठी म्हणून रडली, तर त्या गृहस्थांनी दुसरं काय समजायचं होतं?

"ही शय्या आहे गं माझी," बाई म्हणाली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पावतीवरचा नंबर लावला आणि त्या माणसाला काय काय बोलले ते मला आठवत नाही. बाईनं हात हलवून मला थांबवलं. "ओरडू नकोस त्याला. त्याचं काय चुकलं? आणि आता आणलीच आहेस तर निजव मला तिच्यावर."

मी नाही म्हटलं. असं कुणी करतं का?

"अगं, द्यायच्या आधी कुणी निजून बघतं का कधी? बघू तरी काय देतात ते."

शेजारीण नको नको म्हणत बाहेर निघून गेली. मी ती गादी पलंगावर घातली आणि बाईला हळूच तिच्यावर घेतलं, डावी बाजू वर ठेवून. ती जरा पडून राहिली. हातानं तिनं गादी चाचपली. आत कापूस कसला, चिंध्या होत्या, आणि मध्ये तर त्याही नव्हत्या. पलंगाची फळी हाताला लागत होती. उशीत भुसा होता की काय कोण जाणे. दान देण्यासाठी शिवलेली ती गादी. घेणारा दाराशी ठेवणार, देणारा हातसुद्धा लावून बघणार नाही.

"नुसतं पोतं आहे," बाई म्हणाली. मी बघितलं तर ती रडत होती. एवढ्या दुखण्यात ती रडली नव्हती. "माझ्या आईला आम्ही हीच दिली. तुझ्या वडिलांनाही हीच. त्यांची तर पाठ दुखायची."

"बाई, वर कुठली पाठ आणि कुठलं दुखणं?"

"मग देतात कशाला?"

मी तिला पुन्हा फोमवर घेतलं आणि जखम धुतली. बाई भिंतीकडे बघत होती. थोड्या वेळानं ती म्हणाली, "छत्री तेवढी ठेवून घे, चांगली आहे." आणि आम्ही दोघी हसलो, पण ते हसणं फार टिकलं नाही.

दुकानदार दुसऱ्याच दिवशी धारहून स्वतः आले. दारातच चपला काढून त्यांनी बाईला वाकून नमस्कार केला. त्यांना वर बघवत नव्हतं. "मावशी, माझ्या हातून पाप झालं," ते म्हणाले.

"पाप कसलं रे? थोडी लवकर आली, एवढंच. आता मला झोपायची गादी दे."

तिनं त्यांना लग्नातल्या गादीचं वर्णन केलं, किती दाबून हवी, उशी किती बसकी हवी, सगळं. ते ऐकत होते. ते निघाले तेव्हा शय्येचा गठ्ठा परत घेऊन गेले, छत्री तेवढी बाईनं ठेवून घेतली. नवी गादी आली ती खरंच दाबून भरलेली होती. ती आली त्या दुपारी बाई झोपली. तोंड उघडं टाकून, घोरत. मी दारात उभी राहिले. भांडी वाजतील म्हणून घासायला गेले नाही, फोन वाजेल म्हणून बंद केला. माझी आई झोपली आहे, हे मला कुणाला तरी सांगायचं होतं आणि घरात सांगायला कुणीच नव्हतं.

पण जखम फार खोल गेली होती. गादीनं झोप दिली, जखम भरून आणली नाही. श्रावणात बाई गेली.

भाऊ आला. सगळं त्यानं नीट केलं. शय्यादानाचा विषय निघाला तेव्हा म्हणाला की गुरुजीच सामान आणतात, आपण सांगायचं फक्त. मी म्हटलं, मी आणते. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि वाद घातला नाही.

मी तीच छत्री घेऊन धारला गेले. दुकानदारांनी मला पायरीवर बघितलं आणि त्यांना कळलं. आतून त्यांनी तयार गठ्ठा आणला. तोच, तसाच बांधलेला.

"ही नाही," मी म्हटलं. "तेव्हा बाईला भरून दिलीत तशी भरा."

"ताई, ही तर शय्येची..."

"मला माहीत आहे कशाची आहे ती."

मी तिथे बसून राहिले. त्यांनी कापूस काढला आणि दुकानाच्या मधोमध, सतरंजीवर, गादी भरून शिवली. झाली म्हणाले तेव्हा मी चपला काढल्या आणि तिच्यावर आडवी झाले. भरदुपारचा बाजार होता. दारात गिऱ्हाइकं थांबली, कुणीतरी काय झालं म्हणून विचारलं, आणि दुकानदारांनी त्याला हातानंच गप्प केलं. मी डाव्या कुशीवर वळले. बाईची जखम होती नेमका तो खुबा गादीवर टेकवला आणि सगळं वजन त्याच्यावर सोडून पडून राहिले. चांगली होती गादी. पण थोड्या वेळानं खालची सतरंजी किंचित लागायला लागली.

"इथे उसवा," मी म्हटलं. "इथे अजून भरा. माझ्या आईला डावी बाजू दुखते."